गळती

अंबडला, रात्रपाळीत,
साबणाच्या पाण्याची बाटली ही माझी पाटी-पेन्सिल.
फ्लँजच्या कडेला फवारा मारायचा
आणि बघत बसायचं.
फेस हलला नाही तर ठप्पा: रे. तां.
फेसाला डोळा फुटला तर माल परत.

सहा वर्षं हेच.
बघायला आलेल्या एकाने विचारलं,
"म्हणजे नक्की करता काय?"
म्हटलं, काही होत नाहीये ना, ते बघते.
पुन्हा आले नाहीत.

आमचे आप्पा घागर ठोकून झाली की
काठोकाठ भरून शहाबादी फरशीवर ठेवत, रात्रभर.
सकाळी बुडाशी ओल दिसली
तर कोणाशी न बोलता भट्टी पेटवत.
गिऱ्हाइकाला कधी कळलं नाही
किती घागरी दोनदा जन्मल्या.

आप्पांना पाणी अडवायचं होतं.
मला अडवायचंय ते पाण्याच्या आतलं,
सगळ्यांत हलकं,
ना वास ना रंग,
जळलं तरी भर दुपारी ज्वाळा दिसत नाही.
पुस्तकात त्याचं नाव उद्जन.
शॉपवर सगळे त्याला "ते" म्हणतात,
घरात नवऱ्याला म्हणावं तसं.

आणि नाशिकला समुद्र नाही.
आहे तो घाटापलीकडे, सरळ रेघ मारली तर शंभरेक किलोमीटर.
गोदावरी त्र्यंबकला उगवते,
त्याच्याकडे पाठ फिरवते
आणि अख्खं दख्खन तुडवत दुसराच समुद्र गाठते.
शाळेपासून मला तिचं हे कोडं.
माझं काम मात्र पश्चिमेला जातं, ट्रकमधून, ताडपत्रीखाली,
गॅसच्या एका म्हाताऱ्या प्लॅटफॉर्मवर.
तिथला गॅस संपला. पाय अजून भक्कम.
भोवती पवनचक्क्या रोवल्यात.
खारं पाणी गोडं करतात, गोडं फोडतात,
प्राणवायू वाऱ्यावर सोडून देतात,
उरलेलं जुन्याच नळातून किनाऱ्याला.

परवा पहाटे पावणेतीनला फोन.
"रुमाव बोलतो, इनास रुमाव. वसईचा, सध्या दर्यात.
सतरा नंबरचा सांधा बोंबलतोय.
त्याच्यावर रे. तां. आहे. तुम्हीच का?"

मीच, म्हटलं. दुसरं काय म्हणणार.
"स्टॅक बंद केलात?"
"केला."
"आवळू नका अजून. दाब उतरवा, थोडासाच राहू द्या. साबण आहे?"
"कपड्यांचा."
"चालेल."

मग नुसता वारा, फोनमधून येणारा, ओला,
आणि खाली काहीतरी आपटत राहणारं.
मला वाटलं कॉम्प्रेसर.
तो म्हणाला, लाटा.

"बुडबुडा?"
"एक."
बराच वेळ.
"दोन."
"कुठे?"
"घड्याळात पाच वाजतात तिथे."
"आता सगळा दाब काढा, शून्य. मग आवळा,
समोरासमोर, चांदणी काढतात तसं.
एकदम नाही. तीन फेऱ्यांत."

तो तिकडे पाना फिरवत होता,
मी इथे रिकामी मूठ.
लेथवरचा शकूर बघत राहिला, बोलला नाही,
त्याने स्वतःहून मशीन बंद केलं.

पुन्हा दाब. पुन्हा फेस.
"आता?"
"काही नाही."
"नीट बघा."
"काही नाही, मॅडम. फेस आहे. त्यात चंद्र आहे."

"सकाळपर्यंत लक्ष ठेवा," म्हटलं,
आणि आवाज माझा नव्हता,
तो फरशीवर उकिडवा बसायचा.

सुटले तेव्हा पांडवलेण्यांवर उजाडत होतं.
चूक गॅस्केटची, खाऱ्या हवेची की माझी
ते रिपोर्टात येईल. माझी असेल तर तसंही येईल.
घरी आप्पांची एक घागर अजून मोरीत आहे.
भरली. फरशीवर ठेवली.
झोपायचं सोडून
बुडाकडे बघत बसले.